पोलादाला भागधारक, खेळाला दाता : सर दोराबजी टाटा यांची दुसरी कारकीर्द

१९२० सालच्या ऑगस्ट महिन्यात बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. २२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. त्या वर्षीची शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या ठरलेल्या अंतराहून थोडी लांबच होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला. एकोणिसाव्या क्रमांकावर जो धावपटू आला, त्याचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. हा तरुण बेळगावचा. त्याला लागलेला वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. याच सामन्यांत रणधीर शिंदे नावाचा पैलवान फेदरवेट गटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत चौथा आला. पदक एका पायरीने हुकले.

तारखा नीट पाहाव्यात. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. असहकाराची हाक घुमू लागली होती. देश पारतंत्र्यात होता. स्वतःची ऑलिंपिक संघटना नव्हती, खेळाचे सरकारी खाते नव्हते, जागतिक नियमांची माहिती असलेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. मग बेळगावचा मुलगा अँटवर्पला पोचला कसा? त्याला नेले कोणी, आणि तिकीट कोणी काढले?

उत्तर एका नावाशी येऊन थांबते : सर दोराबजी जमशेटजी टाटा. हे नाव आपण पोलादाशी जोडतो, विजेशी जोडतो, परळच्या टाटा रुग्णालयाशी जोडतो. भारतीय खेळाचा पहिला मोठा कारभारी म्हणून मात्र मराठी वाचकाला ते फारसे ठाऊक नाही. ही त्यांची दुसरी कारकीर्द समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. केवळ गौरव करावा म्हणून हे लिहिलेले नाही. खेळाडूचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्या कारकिर्दीतून पुढे आला आणि शंभर वर्षे झाली तरी तो आपल्या गल्लीबोळांतल्या मंडळांपर्यंत तसाच शिल्लक आहे.

घराणे आणि मैदान

दोराबजींचा जन्म मुंबईत २७ ऑगस्ट १८५९ रोजी झाला. जमशेटजी टाटांचे हे थोरले चिरंजीव. शालेय शिक्षण मुंबईत झाल्यावर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दोन वर्षे शिकले. तिथे त्यांना क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, होडी वल्हवणे, घोडेस्वारी अशा सगळ्या खेळांची गोडी लागली. परत आल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ साली त्यांनी पदवी घेतली. त्यानंतर लगेच वडिलांच्या पेढीवर न बसता दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात पत्रकारिता केली. १८८४ पासून ते धंद्यात आले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही त्यांनी उमेदवारी केली.

मोठ्या घरातल्या मुलाला खेळाची आवड असणे यात नवल नाही. नवल पुढच्या गोष्टीत आहे. आपण जे मैदान परदेशात पाहिले, ते इथल्या मुलांना का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. मुंबईतील शाळांची क्रीडा संघटना, पारशी जिमखाना, विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब अशा संस्थांच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांच्या पत्नी मेहरबाई यासुद्धा टेनिसच्या नामांकित खेळाडू होत्या आणि त्या साडी नेसूनच कोर्टवर उतरत.

पैसा उभा करण्याची एक रीत

खेळाकडे वळण्याआधी दोराबजींच्या पहिल्या कारकिर्दीतला एक प्रसंग पाहणे आवश्यक आहे. पुढच्या सगळ्या विवेचनाला त्याचा आधार आहे.

जमशेटजींचे पोलादाचे स्वप्न पुरे करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी भूगर्भतज्ज्ञांबरोबर चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या जंगलात, बैलगाडीने फिरत होते. तिथले लोहखनिज पुरेसे निघाले नाही. पुढे नागपूरला अधिकाऱ्याची भेट मिळेपर्यंत वेळ काढायचा म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवरच्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्याचा एक पट्टा गडद रंगवलेला त्यांना दिसला आणि शोधाची दिशा बदलली, अशी हकीकत टाटा पोलादाच्या इतिहासात येते. १९०४ साली जमशेटजी गेले. १९०७ साली कंपनी स्थापन झाली, तेव्हा भांडवलाचा प्रश्न उभा राहिला. लंडनच्या बाजारात दाद लागेना. तेव्हा दोराबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट देशी लोकांना आवाहन केले. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी मिळून १६ लाख ३० हजार पौंडांचे सगळे भांडवल उभे केले. स्वदेशीचे दिवस होते. संस्थानिकांपासून साध्या नोकरदारांपर्यंत लोकांनी भाग घेतले.

पोलादाच्या कारखान्याला असे ८,००० भागधारक मिळाले. त्या प्रत्येकाला हिशेब मागण्याचा हक्क होता. वार्षिक सभा, ताळेबंद, संचालकांची जबाबदारी हे सगळे त्या रचनेतच होते.

डेक्कन जिमखान्यावरील शर्यत

आता पुण्याकडे येऊ. १९०६ साली बंडोपंत भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन केला. कुस्ती, आट्यापाट्या, खो-खो या देशी खेळांबरोबरच धावण्याच्या शर्यतीही तिथे होत. पुढे या संस्थेने दोराबजींना अध्यक्षपद दिले.

जिमखान्याच्या शर्यतींत धावणारी बरीचशी मुले शेतकरी घरांतली होती. ती अनवाणी आणि खडबडीत जमिनीवर धावत. शास्त्रशुद्ध सराव, धावण्याचे बूट, शिक्षक यांपैकी त्यांच्याजवळ काही नव्हते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात, हे दोराबजींच्या लक्षात आले. त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना पत्र लिहून ही हकीकत कळवली. बक्षीस समारंभाला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड आले होते. या मुलांना अँटवर्पला पाठवावे ही कल्पना तिथेच पुढे आली. गव्हर्नरांच्या मदतीने भारताला सामन्यांत प्रवेश मिळाला.

पुण्यात चाचणी घेऊन चार धावपटू आणि दोन पैलवान निवडले गेले : पूर्मा बॅनर्जी, चौगुले, सदाशिव दातार, कैकिणी, कुमार नवले आणि शिंदे. नावांवरून नजर फिरवली तरी हा संघ कुठून आला ते कळते. बॅनर्जी सोडले तर जवळजवळ सगळा संघ मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातला, म्हणजे पुणे-कोल्हापूर-बेळगाव या पट्ट्यातला. सोहराब भूत हे व्यवस्थापक होते. संघ बोटीने इंग्लंडला गेला, तिथे काही आठवडे सराव केला आणि मग अँटवर्पला उतरला. सरकारची थोडी मदत होती, काही श्रीमंतांची वर्गणी होती, पण मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

त्याआधी १९०० साली पॅरिसला कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळवली होती. पण तो एकटा आणि स्वतःच्या बळावर गेला होता. भारताच्या नावाने निवडलेला पहिला संघ हा १९२० चाच. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. त्या समितीवर जाणारे ते पहिले भारतीय.

कारभारी करतो काय?

क्रीडा संघटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठावरची पहिली रांग येते. दोराबजींच्या कामाची फोड केली, तर या पदाचे खरे काम समजते.

पहिले काम मोजण्याचे. 'आमचा पोऱ्या वाऱ्यासारखा धावतो' हे कौतुक गावात चालते. जगाच्या मैदानावर सेकंद सांगावे लागतात. पुण्यातल्या धावपटूंच्या वेळा युरोपच्या वेळांशी ताडून पाहणे, ही भारतीय खेळातली मोठी सुधारणा होती.

दुसरे काम दार उघडून घेण्याचे. ऑलिंपिकमध्ये देशाच्या समितीमार्फतच प्रवेश मिळतो. ती समिती नसताना इलाख्याचा गव्हर्नर आणि परदेशातली समिती या दोन्हींकडे ज्याचा शब्द चालेल, असा माणूस लागत होता. तो शब्द दोराबजींना घराण्याच्या नावामुळे मिळाला होता. त्यांनी तो या कामी खर्च केला.

तिसरे काम संस्था बांधण्याचे. १९२४ सालच्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय ऑलिंपिक सामने भरले आणि त्यातून पॅरिसचा संघ निवडला गेला. त्या संघामागेही दोराबजी उभे होते. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना रीतसर स्थापन झाली. अध्यक्ष दोराबजी, तर सचिव डॉ. ए. जी. नोरेन. नोरेन आणि मद्रासचे हॅरी बक हे दोघे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षक. प्रांतोप्रांती फिरून त्यांनी शाखांची जुळणी केली. १९२८ साली दोराबजी अध्यक्षपदावरून बाजूला झाले आणि पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग त्या जागी आले.

या तिसऱ्या कामातच उणीव राहिली. संघटना झाली, घटना झाली, पण कायमचा पैसा उभा झाला नाही. पोलादासाठी ८,००० लोकांपुढे हात पसरणाऱ्या या माणसाने खेळासाठी मुख्यतः स्वतःचाच खिसा उघडला. त्यांच्यानंतर पतियाळाच्या महाराजांनी आपला उघडला. दाता बदलला, पण रीत तीच राहिली.

त्याच वर्षांतली मुळशी

दोराबजींच्या औदार्याची कथा सांगताना एक दुसरी कथा वगळली, तर तो इतिहास होणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. पुढचा टप्पा मुळशीचा होता. पुण्याच्या पश्चिमेला नीला आणि मुळा यांच्या संगमाशी धरण बांधायचे ठरले. मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांची भातशेती त्यात जाणार होती. जमिनी सरकारी भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी तो लढवला. बापटांना तुरुंगवास झाला. धरण झालेच.

काळ तोच, जिल्हा तोच, घराणेही तेच. १९२० साली पुण्याच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलात दोराबजींना जागतिक धावपटू दिसला. पुढच्याच वर्षी त्याच पुण्याजवळच्या मावळ्याचे म्हणणे त्यांच्या कंपनीला ऐकू आले नाही.

यातून दोराबजी ढोंगी होते असे मला म्हणायचे नाही. १९२४ साली पोलादाचे भाव कोसळून कंपनी अडचणीत आली, तेव्हा त्यांनी आपली सगळी खासगी मालमत्ता आणि मेहरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा इंपीरियल बँकेकडे तारण ठेवला. १९३२ साली बहुतेक सर्व संपत्ती विश्वस्त निधीला दिली. त्यातून टाटा सामाजिक विज्ञान संस्था, परळचे कर्करुग्णालय, टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. त्याच वर्षी ३ जून रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. असा माणूस क्षुद्र नसतो. पण दान देणारा कितीही मोठा असला, तरी कोणाकडे पाहायचे आणि कोणाकडे नाही, हे तोच ठरवतो. धावपटूकडे त्याची नजर गेली, धरणग्रस्ताकडे गेली नाही. दान आणि हक्क यांतला फरक इतका स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला आपल्या इतिहासात सापडलेले नाही.

घर गहाण ठेवणारा प्राचार्य

दात्याच्या रीतीची किंमत कळायला आणखी वीस वर्षे जावी लागली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तेव्हा देश स्वतंत्र होता, संघटना पंचवीस वर्षांची झाली होती. तरी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी आणि मित्रांनी वर्गणी काढली. ती पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि प्राचार्यांचे पैसे फेडले.

टाटांनी हिरा गहाण ठेवला तो कारखान्यासाठी. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले ते विद्यार्थ्यासाठी. कारखान्याच्या मागे बँक होती, भागधारक होते. विद्यार्थ्याच्या मागे एक मास्तर होता.

वर्गणी, नोकरी, मालकी

स्वातंत्र्यानंतर खेळाडूला खरा आधार मिळाला तो नोकरीचा. रेल्वे, पोलीस, बँका, सार्वजनिक कंपन्या, मुंबईतल्या खासगी गिरण्या-कारखाने यांनी संघ बाळगले. 'कबड्डी नीट खेळ, नोकरी लागेल' हे वाक्य भांडुपच्या चाळींत एका पिढीने ऐकले आहे. भांडुपची पश्चिम बाजू म्हणजे कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची वस्ती. कोकणनगर, टेंभीपाडा, गावदेवी या भागांत थंडी पडली की दिव्यांच्या झोतात कबड्डीचे सामने होतात. या सामन्यांचा खर्च वर्षानुवर्षे पावती-पुस्तकावर चालला. मंडळाची पोरे घरोघर जात, दहा-वीस रुपयांची पावती फाडत आणि वर्षाअखेरीस जमाखर्चाचा कागद फळ्यावर लागे. १९०७ च्या ८,००० भागधारकांची ही आपली गरीब आवृत्तीच होती. दहा रुपये देणारी मावशीसुद्धा 'गेल्या वर्षीच्या ढालीचं काय झालं रे?' असे विचारू शकत होती.

आता चित्र पालटले आहे. एकीकडे गल्लीच्या सामन्यांचा सगळा खर्च एखादा दादा किंवा भाऊ उचलतो आणि मैदानभर त्याचे फलक लागतात. दुसरीकडे मोठ्या घराण्यांनी दात्याची भूमिका सोडून मालकाची घेतली आहे. २००८ च्या जानेवारीत आयपीएलचे आठ संघ सुमारे ७२ कोटी डॉलरना विकले गेले. त्यांतला मुंबईचा संघ रिलायन्सने ११.१९ कोटी डॉलरना घेतला. २०१४ साली आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या पुढाकाराने प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या मातीतला खेळ मॅटवर, दूरचित्रवाणीवर गेला. दोराबजींच्या समितीवर २०१६ साली नीता अंबानी गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचा निर्णय तिथेच झाला.

मालकीची रीत वाईट आहे असे म्हणता येत नाही. करार लेखी असतो, मोबदला ठरलेला असतो, आणि कबड्डीपटूला त्याने कधी स्वप्नात न पाहिलेली रक्कम मिळते. पण मालक संघ विकत घेतो, तो खेळाडू तयार झाल्यावर. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला लागणारे दूध, बूट, डॉक्टर, बाहेरगावच्या स्पर्धेचे रेल्वेभाडे हे मालकाच्या हिशेबात येत नाही. तिथे आजही बाप, मास्तर किंवा मंडळच उभे असते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक पदक. स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रेल्वेची नोकरी पाठीशी होती, सरकारी योजना होत्या, म्हणजे १९५२ पेक्षा रस्ता पुष्कळ सुधारला आहे. तरी त्याच्या घरच्यांनाही सुरुवातीला कर्ज काढावेच लागले.

दोराबजींच्या कारकिर्दीतून घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत, आणि त्या त्यांच्या दोन वेगवेगळ्या कामांत विखुरलेल्या आहेत. धावपटूची वेळ घड्याळावर मोजा, हे त्यांच्या मैदानातून घ्यावे. पैसा अनेकांकडून घ्या आणि त्या सगळ्यांना हिशेब द्या, हे त्यांच्या पोलादातून घ्यावे. या दोन गोष्टी त्यांना स्वतःला एकत्र आणता आल्या नाहीत; राजे-महाराजे, सरकार आणि संघटना यांनाही आणता आल्या नाहीत. आपल्या वस्तीतल्या मंडळाला मात्र त्या येत्या हंगामापासून करता येतील. त्याला ना हिरा गहाण ठेवावा लागतो, ना घर. एक पावती-पुस्तक, एक स्टॉपवॉच, आणि वर्षाअखेरीस फळ्यावर लावलेला जमाखर्च एवढे पुरे. त्या जमाखर्चात 'खेळाडूंचे प्रवासभाडे' ही रक्कम मंडप आणि स्पीकरच्या वर लिहिलेली असावी, एवढीच अपेक्षा आहे.